स्मिताच्या वाट्याची भाकर

उल्काताई मूळच्या अहमदनगरच्या, मिशन शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. २००६ साली त्या लेकीकडे सिंगापुरात आल्या आणि सेम्बावांगच्या एका फ्लॅटमध्ये दर रविवारी जमणाऱ्या मराठी ख्रिस्ती मंडळीत बायबलचा वर्ग घेऊ लागल्या. मंडळीचे पाळक शिरीष. आठवडाभर बँकेत साहेब, रविवारी इथेही साहेबच.

त्या रविवारी ताई सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती मंडळीविषयी सांगत होत्या. "रोमन बादशहाच्या धाकानं कित्येक ख्रिस्ती लोकांनी देवतांपुढे धूप जाळला. मग पस्तावून परत आले. धूप न जाळता तुरुंगात हाल सोसलेल्यांनी त्यांना पोटाशी धरलं, तर बिशप चिडले. म्हणाले, क्षमेचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?"

दाराशी बसलेल्या स्मितानं मान खाली घातली. ती हिंदू घरातली, दहा वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेली. गेल्या महिन्यात पुण्यात तिची आई वारली. एकुलत्या एक लेकीनं अग्नी दिला, दहावं-तेरावंही केलं. म्हणून शिरीषनी तिला सहा महिने प्रभुभोजन, उपासनेत सगळे मिळून खातात ती प्रभूच्या नावाची भाकर, बंद केली होती.

वर्गानंतर भाकरीचं ताट फिरलं. स्मितापाशी येताच शिरीषनी ते उचलून पुढच्या माणसाला दिलं.

"पाळकसाहेब, स्मिता राहिली," ताई म्हणाल्या.

"तिचं ठरलंय, ताई."

"कुणी ठरवलं?"

"मी. मंडळीचा अधिकार माझ्याकडे आहे. तिनं प्रभूला नाकारलं."

ताई स्मिताकडे वळल्या. "नाकारलंस का गं?"

"नाही ताई. चितेपुढेही त्याचाच धावा करत होते. एकटी होते हो मी."

पाळकाला उलट बोलायचं नाही, हे ताईंना लहानपणापासून शिकवलेलं. तरी त्या उठल्या, आपल्या हातातल्या तुकड्याचे दोन केले आणि एक स्मिताच्या तळहातावर ठेवला.

"खा."

"उल्काताई, आजपासून तुमचा वर्ग बंद!" शिरीष कडाडले.

"करा बंद. मला विश्वास तुम्ही दिला नाहीत, तुम्हाला तो काढूनही घेता येणार नाही."

पुढच्या रविवारी ताईंनी लेकीच्या क्वीन्सटाउनच्या घरी उपासना ठेवली. खुर्च्या बारा मांडल्या, माणसं आली चार. स्मिता सगळ्यांत आधी आली होती. सगळ्यांत शेवटी आली शिरीषची बायको, क्षिप्रा. चपला काढून ती दारातच घुटमळली.

"अगं, घरी विचारून आलीस ना?" ताईंनी काळजीनं विचारलं.

"सांगून आले," क्षिप्रा म्हणाली. "विचारून नाही."