नसलेल्या मुंग्या

बाबांनी बायबल अभ्यासाचा वर्ग चर्चच्या मागच्या खोलीतून उचलून अंगणात नेला, तेव्हा मंडळीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, देव सृष्टीतून बोलतो, तेव्हा लिंबाच्या झाडाखाली बसून त्याचं ऐकण्यात गैर काही नाही. दुसऱ्या तटाचं म्हणणं, देवाला जे सांगायचं होतं ते त्याने लिहवून घेतलेलं आहे आणि ते आत कपाटात आहे. दोन्ही बाजूंनी चहा पीत पीत बरंच अभ्यासपूर्ण बोलणं झालं. खरं कारण फक्त मला माहीत होतं. बाबांना अक्षरं दिसेनाशी झाली होती.

डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला होता. ‘‘कडेकडेचं दिसत राहील,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘पण ज्याच्याकडे बघाल, नेमकं तेवढंच दिसणार नाही.’’ ऑपरेशनचा उपयोग नव्हता. मी औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे कशाचा उपयोग होत नाही हे मला चार लोकांच्या आधी कळतं. बाबा चालायचे नीट, खुर्ची बरोबर शोधायचे, माणूस आवाजावरून ओळखायचे. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. दवाखान्याच्या जिन्यातच त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं.

‘‘मंडळीत कुणाला बोलायचं नाही. ज्याला वाचता येत नाही, त्याला शास्त्र शिकवू देतील का?’’

शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते. आई गेल्यावर त्यांच्याकडे एवढा एक वर्ग उरला होता. सोमवारपासून ते रविवारची तयारी करत. वर्ग गेला असता, तर त्यांच्याकडे रविवारच काय, आठवडाच उरला नसता. म्हणून मी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, दुकानातल्या कुणालाही विचारा.

वर्गात सगळी मोठी माणसं. एक प्लंबर, एक दंतवैद्यबाई, एक बस ड्रायव्हर आणि कपडे शिवणाऱ्या एक मावशी, ज्यांना सगळे शिवणमावशी म्हणत. ही मंडळी रविवारचे कपडे घालून अंगणात ओणवी व्हायची. बाबांची पद्धत ठरलेली. ‘‘मी काही सांगणार नाही. तुम्ही सांगा, काय दिसतंय?’’ मग प्लंबर भिंतीवरच्या शेवाळाचं वर्णन करायचा आणि जाता जाता वरची पन्हळ कुठे गळतेय तेही सांगायचा. गोगलगायीला हजारो दात असतात हे बाबांनी सांगितल्यापासून दंतवैद्यबाई अस्वस्थ होत्या.

चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, तरुण, नुकतेच शिकून आलेले. त्यांना ही पद्धत फारच आवडली. शिक्षकाने स्वतः मागे राहून विद्यार्थ्याला पाहायला लावायचं, यात केवढी नम्रता आहे, असं ते उपासनेनंतर सगळ्यांसमोर म्हणाले. बाबांनी मान खाली घातली. तीही नम्रतेतच धरली गेली.

चर्च कमिटीचे अध्यक्ष मात्र जन्मभर ऑडिट केलेले गृहस्थ. ते म्हणाले, ‘‘झाड सगळ्यांनाच दिसतं. त्यासाठी वर्ग कशाला पाहिजे?’’

त्याहून पंचाईत अशी, की बाबांनाही तसंच वाटत होतं.

‘‘अध्यक्ष बरोबर बोलतात,’’ घरी ते मला म्हणाले. ‘‘आभाळाकडे बघून कुणीतरी आहे एवढं कळतं. तो आपला कोण लागतो, ते नाही कळत. तुझी आई गेली त्या सकाळी काय सुंदर ऊन पडलं होतं, आठवतं? मला त्या उन्हाचा इतका राग आला! त्या दिवशी मला सांभाळलं ते पुस्तकाने. देवही माणसाच्या मरणावर रडला, हे पुस्तकात लिहिलंय म्हणून मला माहीत. उन्हात नाही दिसत ते. आणि मी या लोकांना नुसतं ऊन दाखवत बसलोय.’’

‘‘मग पाठ आहे ते म्हणा ना. निम्मं शास्त्र तोंडपाठ आहे तुम्हाला.’’

‘‘पुस्तक हातात धरून पाठ म्हणायचं? ते नाटक झालं.’’

देवाला काय चालतं, ते मला काय कळणार. माझं देवाशी काही वाकडं नाही, पण येणंजाणं कमी. चर्चला मी जाते ती बाबांना सोडायला.

शेवटी व्हायचं तेच झालं. पुढच्या रविवारी वर्ग खोलीत भरेल, पुस्तकातून होईल, आणि पाळकसाहेब व अध्यक्ष स्वतः येऊन बसतील, असा निरोप आला. बाबांना वर्गावर ठेवायचं की नाही, ते त्यानंतर ठरणार होतं. पाळकसाहेबांनी दोन्ही तटांचं मन राखायला स्तोत्रही मुद्दाम बघून निवडलं होतं. त्याच्या पहिल्या भागात आकाश देवाचा महिमा सांगतं आणि दुसऱ्या भागात देवाचं वचन माणसाला शहाणं करतं. बाबांना ते लहानपणापासून पाठ होतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. बाबांनी नाही टाकला, पण नाटक करायला ते तयार झाले. वर्गापुढे तत्त्व थोडं वाकलं.

रविवारी खोली गच्च वाटत होती, कारण अध्यक्ष एकटेच दोघांची जागा अडवून बसले होते. मी मागच्या बाकावर बसले. बाबांनी पुस्तक उघडलं. खूण घालून ठेवली होती, त्यामुळे पानही बरोबर निघालं. मग ते वाचू लागले, म्हणजे म्हणू लागले. आकाश झालं, सूर्य झाला. पाळकसाहेब डोळे मिटून ऐकत होते. वचनाचा भाग सुरू झाला, तसे अध्यक्षही जरा सैलावले. जमलं, असं मला वाटलं.

त्या स्तोत्राच्या शेवटाकडे माणूस देवाला म्हणतो, की माझे जे दोष माझ्याच आत लपून बसलेत, त्यांतून मला मोकळं कर. बाबा त्या ओळीशी आले आणि थांबले.

‘‘पुढचं येतं मला,’’ ते म्हणाले. ‘‘पण मी वाचत नाहीये, पाठ म्हणतोय. मला अक्षर दिसत नाही. बरेच दिवस झाले. म्हणून तुम्हाला बाहेर नेत होतो. त्यात नम्रता वगैरे काही नव्हती.’’

पाळकसाहेबांनी डोळे उघडले. अध्यक्ष पाळकसाहेबांकडे बघू लागले. ऑडिट करताना माणूस स्वतःहून कबूल झाला, तर पुढे काय करायचं, हे बहुधा ते कधी शिकले नव्हते. वर्ग गेला होता.

‘‘आम्हाला माहीत होतं, सर,’’ शिवणमावशी म्हणाल्या.

‘‘कधीपासून?’’

मावशींनी ड्रायव्हरकडे बघितलं, ड्रायव्हरने प्लंबरकडे. शेवटी प्लंबरच बोलला. ‘‘ते मुंग्यांच्या दिवसापासून. तुम्ही म्हणालात, पायरीशी रांग आहे, नीट बघून सांगा. तिथे काही नव्हतंच.’’

‘‘मुंग्या नव्हत्या?’’

‘‘नव्हत्या.’’

‘‘आणि तुम्ही म्हणालात, एक मुंगी दुसरीला वाट करून देते आहे.’’

‘‘ते मी म्हणाले,’’ दंतवैद्यबाई म्हणाल्या. ‘‘तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.’’

बाबांचा चेहरा लाल झाला. डोळे गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हासुद्धा ते इतके चिडले नव्हते. ‘‘चर्चच्या अंगणात? देवाच्या सृष्टीबद्दल खोटं? त्या वाट देणाऱ्या मुंगीवर मी अख्खा पाठ घेतला!’’

‘‘चांगला झाला होता,’’ ड्रायव्हर हळूच म्हणाला.

पाळकसाहेब सावरून बसले. ‘‘सर, तुम्ही वर्ग सोडू नका. शास्त्र तरी काय आहे? ज्यांनी पाहिलं, त्यांनी सांगितलं, आणि आपण त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. इथेही तसंच करू. हे पाहतील, हे वाचतील. तुम्ही शिकवा.’’ त्यांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी आधी छताकडे बघितलं आणि मग मान हलवली.

‘‘ज्यांनी ते शास्त्र लिहिलं, त्यांनी माझं मन राखायला मुंग्या घातल्या नाहीत,’’ बाबा म्हणाले. ‘‘मला जे आहे ते सांगणार असाल, तर शिकवतो. नाहीतर आत्ताच जातो घरी.’’

मग शिवणमावशी उठून उभ्या राहिल्या.

‘‘सर, तुमच्या शर्टाची बटणं वरखाली लागलीत. दर रविवारी असतात, जाकीट असलं तरी कॉलरवरून कळतं.’’

मलाही ते माहीत होतं. म्हणून तर भर उन्हाळ्यात मी त्यांना जाकीट घालायला लावत होते. आज घाईत ते राहिलं होतं.

बाबांनी पुस्तक माझ्या दिशेने पुढे केलं. मी जाऊन घेतलं. मग त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर, शर्टाची बटणं एकेक करून सोडली आणि खालच्या टोकापासून चाचपत पुन्हा लावायला घेतली. वेळ लागला. मदतीला म्हणून मावशींचा हात पुढे झाला आणि त्यांनीच तो मागे घेतला. प्लंबर, ड्रायव्हर, दंतवैद्यबाई, सगळे बघत राहिले. यावेळी कुणी नजर वळवली नाही.

‘‘आता?’’ बाबांनी विचारलं.

‘‘आता बरोबर आहेत,’’ मावशी म्हणाल्या.

‘‘हं. वाच गं तू. मी थांबलो तिथून.’’

मी ती ओळ शोधली आणि वाचायला सुरुवात केली. अर्ध्यावर मी थांबले.

‘‘का थांबलीस? पान चिकटलंय?’’

‘‘नाही, बाबा. रडतेय.’’

‘‘बरं,’’ बाबा म्हणाले. ‘‘झालं की पुढचं वाच.’’