गोट्यावाल्यांचा रकाना

साहेब, तुम्ही खोटं बोललात, आणि तेही चंदाबाईच्या तोंडानं. स्वतःच्या तोंडानं बोलला असता तर तळ्याकाठच्या त्या वस्तीत कुत्र्यानंही कान टवकारले नसते. चंदाबाई चौदा वर्षांपासून गावची आशा कार्यकर्ती. ती सांगते म्हणून माणसं ऐकतात. तुम्हाला तेवढंच पाहिजे होतं.

भादव्यात घरोघरी सर्दी-ताप पसरला तेव्हा तालुक्याच्या मीटिंगमध्ये आरोग्य खात्याच्या या साहेबांनी नारंगी औषधाची बाटली उंच धरून दाखवली. विषाणूवर मारा करते, अंगातली प्रतिकारशक्ती वाढवते, घेतलेल्या शंभरातले ब्याण्णव सात दिवसांत बरे झाले, असं पत्रकात छापलेलं होतं. सात दिवसांचा कोर्स पुरा होईपर्यंत मध्ये दुसरं काही करत बसू नका, असंही बजावलं. चंदाबाईनं ते वहीत उतरवलं आणि गावात येऊन जसंच्या तसं ओकलं. ओकलं हा शब्द तिचाच. आता ती दुसरा वापरत नाही.

बाटल्या आल्या एकोणतीस. तापानं पडलेली माणसं अठ्ठावन. भांडणाला तोंड फुटायच्या आत म्हातारे मनसारामभाऊ म्हणाले, "मासोळ्या वाटतो तशा वाटू ना."

त्या वस्तीत तळ्यातला माल निघाला की पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, सारखे ढीग लावतात. एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो, दुसरा एकेका ढिगावर काठी ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठ केलेला तोंडात येईल ते नाव घेतो. मग मोठी मासोळी कोणाकडे गेली यावर कोणी चकार शब्द काढत नाही. त्या दिवशी पाळीवर एकोणतीस बाटल्या मांडल्या आणि एकोणतीस गोटे. मनसारामभाऊ पाठ करून उभे राहिले. कोणाला बाटली गेली, कोणाला गोटा. वारलूला गोटा आला तर त्यानं तो खिशात घातला आणि विचारलं, जेवणाआधी घ्यायचा का जेवणानंतर. माणसं पोट धरून हसली.

मनसारामभाऊंच्या नातीला, सहा वर्षांच्या रोशनीला, बाटली आली. घर खूश झालं.

दुसऱ्या दिवशी वारलूला हुडहुडी भरली. औषध तर नव्हतंच, म्हणून तो सरळ चंदाबाईकडे आला आणि बोट पुढं केलं. रक्तात मलेरिया निघाला, गोळ्या सुरू झाल्या, सहाव्या दिवशी गडी मासे धरायला डोंग्यावर, आपल्या लहान होडीवर, होता. रोशनीलाही त्याच दिवशी हुडहुडी भरली होती. चंदाबाई तपासणीची पट्टी घेऊन दारात गेली, तर पोरीची आई म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगितलं ना, सात दिवस मधात काई करू नका म्हणून?" आणि चंदाबाई परत फिरली. चौदा वर्षांत पहिल्यांदा तापाच्या दारातून पट्टी न वापरता परत फिरली.

पाचव्या दिवशी पोरीनं डोळे फिरवले. रक्त तेव्हा पाहिलं. मलेरिया डोक्यात चढलेला. गडचिरोलीच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून पोर जगली, पण अजून चालताना भिंत धरते. चंदाबाई तिला पाहायला गेली तेव्हा उशाशी ती बाटली होती, तोंडाला चिकट नारंगी ओघळ आणि त्यावर माशा. तिला औषधाची नाही, स्वतःची किळस आली.

मग तिनं वही काढली. बाटलीवाले सातव्या दिवशी बरे, सव्वीस. गोट्यावाले, सत्तावीस. उरलेले दोघं-दोघं नवव्या दिवशी, आणि बाटलीवाल्यांत एकटी रोशनी दवाखान्यात. अठ्ठावन माणसांवरून जगाचा निकाल लागत नाही, हे तिलाही कळत होतं. पण सर्दी-ताप सात दिवसांत जातोच, तर त्या ब्याण्णवांचं श्रेय बाटलीला द्यायचं कशावरून?

तालुक्याच्या कचेरीत साहेबांनी अहवालाचा कागद तिच्यापुढं सरकवला. नाव, बाटली दिल्याची तारीख, बरं झाल्याची तारीख, फायदा झाला, सही. या कागदाच्या आधारावर दोन जिल्ह्यांत बाटल्या जाणार होत्या. रोशनीच्या नावावर साहेबांनी बोट ठेवलं. तो मलेरिया, वेगळी केस, हे नाव काढून टाका, म्हणाले. म्हणजे अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस. ते चहा ढवळत होते.

चंदाबाईनं फूटपट्टी घेऊन कागदावर उभी रेघ मारली आणि पलीकडे गोट्यावाल्यांची एकोणतीस नावं लिहायला घेतली. साहेबांनी ढवळणं थांबवलं. ज्यांना दिली नाही त्यांची माहिती मागितलेली नाही, म्हणाले, आणि ती माणसं मुळात धट्टीकट्टी असतील.

"निवडून नाई दिल्या साहेब. पाठ करून वाटल्या."

"सही करा आणि जा. तुमचं काम राहावं असं वाटत असेल तर."

चंदाबाईनं पेनाला टोपण लावलं.

"रोशनीचं नाव मी नाई काढत. आणि तुमच्या पत्रकातले ते शंभर. त्याहींच्या बाजूले गोट्यावाले किती होते? ते किती दिवसांत बरे झाले? सांगा. मी इथीच बसून आहो."