तिसऱ्या सोनाट्यातलं ‘ठक’

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गळा काढायचा, असा रिवाज आहे. मी काढणार नाही. मी शाळेच्या नाचाच्या वर्गातला एक जुना उभा पियानो आहे, आणि माझ्यापुढे उभे राहून माना डोलावणाऱ्या विद्वानांबद्दल मला काय वाटतं, ते आज सांगून टाकणार आहे.

माझी रचना अगदी साधी. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आणि आत तितक्याच हातोड्या. पट्टी दाबली की हातोडी तारेवर पडते आणि सूर निघतो. यात गूढ असं काही नाही.

मला वाजवायला मास्तर होते. दिवसभर मुलींच्या पावलांना ताल धरायचा आणि संध्याकाळी वर्ग रिकामा झाला की स्वतःचं लिहायचं, असा त्यांचा क्रम. एकट्या पियानोसाठीच्या मोठ्या रचनेला सोनाटा म्हणतात. असे पाच सोनाटे त्यांनी माझ्यावर रचले. मी पुष्कळांची वाजवणी सोसली आहे, बहुतेकांचं म्हणजे उचलली बोटं आणि लावली पट्ट्यांना. मास्तरांच्या लिखाणात एकही सूर फुकट नव्हता. तिसऱ्या सोनाट्याच्या संथ भागात धून जिना चढल्यासारखी हळूहळू वर जाते आणि एका काळ्या पट्टीवर येऊन श्वास घेते. तेवढ्यासाठी मी मास्तरांचे सगळे दोष माफ केले.

दोष होतेच. एकदा त्यांची पेन्सिल माझ्या झाकणाच्या फटीतून आत घरंगळली आणि नेमकी त्याच काळ्या पट्टीच्या हातोडीपुढे अडकली. तेव्हापासून तिथे सुराऐवजी ‘ठक’ वाजू लागलं. मास्तर वर्गभर पेन्सिल शोधत फिरले. काखेत कळसा नि गावाला वळसा! मला ठाऊक होतं, पण मला बोलायची सोय नाही. माझं झाकण शाळेच्या यादीतल्या कारागिरानेच उघडायचं, असा नियम होता आणि मास्तर नियमाला भिणारे. त्यांनी दुरुस्तीसाठी अर्ज केला. अकरा वर्षं, दरवर्षी एक.

मुख्याध्यापक म्हणायचे, “मास्तर, सत्त्याऐंशी वाजतायत ना? मग एकीचं काय घेऊन बसलात!”

मास्तर वारले, त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या मुलीने टेपरेकॉर्डर आणून त्यांचं वादन उतरवून घेतलं होतं. पाचही सोनाटे, ‘ठक’सकट. पुढे तिने ती टेप एका नामांकित समीक्षकांकडे पाठवली. त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. सरांनी टेप ऐकून ऐकून सोनाट्यांची छापील प्रत तयार केली. मास्तरांच्या हातची वही घरी कपाटात आहे, असं मुलीने पत्राने कळवलं होतं. सरांनी उत्तर दिलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उतरायचा कंटाळा असतो.

मग पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. एका बड्या वादकाने चकचकीत पियानोवर ते सोनाटे वाजवले आणि जिथे ‘ठक’ होतं तिथे झाकणावर बोटाचं पेर आपटलं. वेष्टनावर सरांनी लिहिलं, ‘सूर नाकारण्याचं धैर्य.’ धैर्य! मास्तरांना शिपायाकडे खडू मागायचंसुद्धा धैर्य नव्हतं. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते खोटं नाही.

दुसरं ध्वनिमुद्रण ‘मूळ वाद्यावर’, म्हणजे माझ्यावर करायचं ठरलं. त्या पट्टीला कुणी हात लावू नये, असा सरांचा निरोप आधीच आला होता. ठरल्या दिवशी मास्तरांची मुलगी वही घेऊन हजर झाली. ती इस्पितळात रक्त तपासायचं काम करते. त्या दिवशी रजा टाकून आली होती.

“सर, बाबांनी इथे सूर लिहिलाय. बघा ना, तेवीस जागी आहे. निदान या खेपेला तरी तो वाजू दे.”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “ताई, आपण काय लिहिलं ते कलावंताला नेहमी कळतंच असं नाही.”

“अहो, पण त्यांनी दुरुस्तीचे अर्ज केले होते!”

“अर्ज माणूस करतो. सोनाटा कलावंत लिहितो.”

मुलीने माझं झाकण उचललं, बाही वर सारली, हात आत घातला आणि पेन्सिल बाहेर काढली. पुरतं एक मिनिटही लागलं नाही. मग तिने ती काळी पट्टी दाबली आणि सूर निघाला. जरा बेसूर होता, पण माझा होता. मला फार आनंद झाला.

सर किंचाळले, “परत ठेवा ती! होती तिथेच!”

“ही माझ्या बाबांची आहे,” ती म्हणाली आणि पेन्सिल पर्समध्ये टाकली.

तरी ध्वनिमुद्रण झालंच. ती जागा आली की तोच बडा वादक बोट उचलायचा आणि सर माझ्या झाकणावर टकटक करायचे. तेवीस वेळा. एकदा वादकाचं बोट त्या पट्टीकडे वळलं, पण सरांनी डोळे वटारले आणि ते मागे गेलं. लाकडाला लाजता येत नाही, नाहीतर मी त्या दिवशी लाजेने तडकलो असतो.

मंडळी निघून गेली. मागे मास्तरांची मुलगी आणि वायरी गुंडाळणारी ध्वनिमुद्रणवाली बाई, एवढ्याच राहिल्या. बाई मुलीकडे वळली.

“ताई, तुम्हाला येतं ना हे?”

“बाबांनीच शिकवलंय. पण त्या वादकासारखं नाही येत.”

“नको यायला. माइक जागेवर आहेत, मशीन चालू आहे. बसा.”

मुलगी बसली. दोनदा चुकली, एकदा थांबून डोळे पुसले. मग धून पायरी पायरीने वर चढली आणि त्या काळ्या पट्टीवर जाऊन टेकली. बाई हातात वायर धरून तशीच उभी राहिली. शेवटी म्हणाली, “एवढंच हवं होतं होय तुमच्या बाबांना?”

सरांच्या ध्वनिमुद्रिकेला पारितोषिक मिळालं. मुलीच्या वादनाच्या दोनच प्रती आहेत. एक तिच्या घरी, एक त्या बाईकडे.

मित्रांनो, एखादी वस्तू किंवा एखादं माणूस बोलेनासं झालं, तर त्याच्या मौनावर लेख लिहीत बसू नका. झाकण उचला आणि आत हात घाला. मास्तर अकरा वर्षं तेवढंच मागत होते.