हेस्टरमावशीचं तेल आणि वेंडेलचं नाक

वेंडेलची बायको गेल्यापासून त्याने मारलेल्या सीलची चरबी हेस्टरमावशीकडेच यायची. मावशीचा नवरा एमस आणि वेंडेल जन्मभर एकाच होडीतून शिकारीला गेलेले. एमसही गेला, पण वसंतात समुद्रावरचा बर्फ फुटला की वेंडेल मोठा दाढीवाला सील मारून आणायचा, मावशीच्या दाराशी टाकायचा आणि म्हणायचा, "बघ बाई तुझं तू."

मग मावशी उलू, म्हणजे अर्धगोल पात्याची सुरी, घेऊन बसायची. कातड्यावरून चरबी सोडवायची, तिच्यावर रक्ताचा डाग राहू द्यायची नाही, लांब पट्ट्या कापून बादलीत टाकायची. बादली मागच्या खोपीत, सावलीला. जाळ लावायचाच नाही. रोज हाताने ढवळत राहिलं की चरबी आपणहून तेल सोडते. कधी थांबायचं ते वासावरून ठरतं. तयार झालेलं तेल दोघं अर्धं अर्धं घ्यायचे.

एका वसंतात मावशी तापाने अंथरुणाला खिळली. बरी झाली, पण तिला कशाचाच वास येईनासा झाला. हे तिने कुणालाही कळू दिलं नाही. त्या उन्हाळ्यात उकाडाही फार झाला. मावशीने तेलाचा रंग पाहून बरण्या भरल्या.

मी तिची शेजारीण; हिवाळ्यात एकदा तिच्याकडे जेवायला बसले होते. सुका मासा तेलात बुडवून तोंडात घातला आणि घशाला आग लागली.

"मावशी, तेल खवट झालंय गं," मी म्हटलं.

तिने बोट बुडवून चाटलं. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग तिने पार्का, म्हणजे टोपीचा जाड फरकोट, चढवला आणि तडक वेंडेलच्या घरी निघाली. आजारापासून अशक्त राहिलेली बाई, म्हणून मीही मागोमाग गेले. वेंडेल जेवतच होता. मावशीने त्याच्या पुढ्यातली बरणी उचलून पाहिली, तळाला थोडंसंच उरलं होतं.

"खवट होतं ना?"

"होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू एवढंच विचारायचीस, पुरतंय का. पुरत होतं," वेंडेल म्हणाला.

मी हसू दाबलं. मावशी मात्र खुर्चीत बसली आणि पहिल्यांदाच सगळं बोलली. कॉफीचा वास नाही, धुराचा नाही, एमसचा पार्का नाकाशी धरला तरी काही नाही. पुढल्या वर्षी चरबी दुसरीकडे दे, असं तिने बजावलं. वेंडेलने मान हलवली.

पण बर्फ फुटल्यावर सील आला तो तिच्याच दाराशी. मावशी चिडली. आता आपल्या हातचं तेल कोण खाणार, म्हणाली. वेंडेल खोपीत शिरला आणि उलट्या बादलीवर बसला.

"तू ढवळ. वास मी घेतो."

"तुझ्या नाकात आयुष्यभराची तंबाखू भरलीय."

"मग तंबाखू सोडतो."

त्याने खरंच सोडली, आणि त्याची चिडचिड सगळ्या गावाने सोसली. रोज सकाळी तो यायचा. मावशी कोपरापर्यंत हात घालून ढवळायची, तो वाकून हुंगायचा. नुसतं "ठीक आहे" म्हटलेलं तिला चालायचं नाही. कसा वास, ते नीट सांग, असा तिचा हट्ट. शब्दांची सवय नसलेला तो माणूस डोकं खाजवत शोधायचा. आज ताज्या माशासारखा, आज ओल्या गवतासारखा. पुढे पुढे तो न विचारताही सांगू लागला, की किनाऱ्यावरचं शेवाळ तापलंय, शेजारी कुणीतरी पाव भाजतंय.

एके दिवशी मावशीने एमसचा पार्का पेटीतून काढून आणला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"याला अजून त्याचा वास येतो का बघ. आणि खरं सांग हं. तेलासारखं करू नकोस."

वेंडेलने कॉलर नाकाशी धरली. मग अस्तर उलटून तेही हुंगलं.

"नाही गं," तो म्हणाला. "पेटीचाच वास येतोय."

मावशीने ओले हात फडक्याला पुसले. "मग माझ्या नाकाचा दोष नव्हता तर," म्हणाली आणि पार्का त्याच्याच मांडीवर राहू दिला. मी बाहेर मासे वाळत घालत होते, तिथून मला तिचे भरलेले डोळे दिसले.  तिने पुन्हा ढवळायला घेतल्यावर वेंडेलने सरकून बादली धरली.

त्या वर्षीचं तेल पाण्यासारखं स्वच्छ उतरलं. पहिली बरणी मावशीने गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला पाठवली, मग माझ्या घरी एक. बाकीच्याचे वाटे करायची वेळ आली तेव्हा मावशी वेंडेलला म्हणाली, राहू दे सगळं इथेच, तू काय रोज येतोसच.

तेल भरून झालं, खोपी धुऊन झाली, तरी वेंडेल सकाळी यायचा थांबला नाही. पहिला बर्फ पडला तोवर त्याची घसरगाडी ओढणारी कुत्री रात्रीही मावशीच्या दाराशी बांधलेली दिसू लागली. गावात कुणी काही विचारलं नाही. मी एकदा सकाळीच गेले, तर मावशी कॉफी ओतत होती आणि वेंडेल तिला सांगत होता, की आज जरा करपलीय.