रेखाटकाच्या रकान्यात

भोकाचा व्यास साडेआठ. अशी चार भोकं. सगळी मापं खालच्या कडेपासून.

*

‘परवाना व्यक्तीच्या नावे आहे. तो दुसऱ्या कुणालाही देता येणार नाही.’ सॉफ्टवेअर कंपनीच्या पत्रातलं अकरावं कलम.

*

कॉलेजच्या अर्जात मुलीनं लिहिलं होतं: वडील, यंत्ररेखाटक. आई, घरीच.

*

हेल्पलाइनवरचा माणूस फार अदबीनं बोलत होता.

“मॅडम, परवानाधारकांशी बोलता येईल का?”

“ते गेले.”

“कधीपर्यंत परत येतील?”

*

शेजारीण म्हणाली, “सून दिवसभर संगणकासमोर असते म्हणे?”

सासूबाई म्हणाल्या, “पत्ते खेळते.”

*

हे सगळे तुकडे एकाच घरातले. खिडकीपाशी टेबल, टेबलावर संगणक, त्याच्या डोक्यावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या. नवरा यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करून द्यायचा. बोर्डावर त्याचा हात असा चालायचा की बघत राहावं. मग कारखान्यानं कळवलं, यापुढे संगणकावरची फाइल लागेल. त्यानं सॉफ्टवेअरची डिस्क विकत आणली, आठवडाभर माउसशी झटापट केली आणि म्हणाला, “हे काही माझ्या हातून व्हायचं नाही.”

मग बायको पुस्तक उघडून बसली. पंधरा वर्षं तीच बसली. तो कारखान्यात जाऊन मापं घ्यायचा, माणसांशी बोलायचा, काम आणायचा, ती काढायची. प्रत्येक ड्रॉइंगच्या खाली उजव्या कोपऱ्यात चौकट असते, तिच्यात ‘रेखाटक’ असा रकाना असतो. तिथं त्याचं नाव. याला कुणी अन्याय म्हटलं नाही, कारण कुणी काहीच म्हटलं नाही.

दरम्यान सॉफ्टवेअर बदललं. एकदा घेतलेली डिस्क जन्माला पुरायची ते दिवस गेले. आता दर वर्षी वर्गणी, आणि ज्याच्या नावानं भरली त्यालाच किल्ली. नव्या फायली जुन्या डिस्कवर उघडेनात, म्हणून नवऱ्यानं आपल्या नावानं वर्गणी भरली आणि तिनं जुनी ड्रॉइंगही नव्यात आणली. पुढच्या वर्षी छातीत कळ येऊन तो गेला. चाळीस दिवसांनी वर्गणीही संपली. चारशे ड्रॉइंगची यादी पडद्यावर दिसत होती. एकही उघडत नव्हतं.

धाकट्या दिराचं वह्या-पेनांचं दुकान. तो रविवारी सकाळी आला.

“वहिनी, कशाला डोकं पिकवताय? वर्गणी मी भरतो माझ्या नावानं. तुम्ही बसा कामाला. खाली माझं नाव टाकू.”

“भाऊजी, व्यास आणि त्रिज्या यातला फरक सांगा बरं.”

“मला कुठे काढायचंय? दादाला तरी कुठे येत होतं?”

म्हणजे माहीत होतं. सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

“नाव माझं येऊ दे,” ती म्हणाली.

सासूबाई हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “अगं, घरातलं नाव घरातच राहतंय. तुझ्या नावानं कोण काम देणार? उगाच चालतं काम बंद पाडायचं.”

*

स्वतःच्या नावानं वर्गणी भरायला तिच्याकडे पैसे नव्हते. उपाय मुलीनं शोधला. “आई, हा प्रोग्रॅम फुकट आहे. जगभरची माणसं मिळून बनवतात. परवाना नाही, वर्गणी नाही, तुझं नाव-गाव कुणी विचारत नाही.”

“ते तसंही कुणी विचारत नाही,” आई म्हणाली, आणि दोघी बऱ्याच दिवसांनी हसल्या.

कारखान्याला पाठवलेल्या, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडतील अशा साध्या प्रती मेलमध्ये होत्या. त्या उघडल्या. पॅकिंग यंत्राचं झाकण पडद्यावर आलं, फिरवता आलं. पण ते कसं घडलं ते गायब होतं: आधी कुठली चौकट, मग कुठलं भोक, शेवटी कुठली कड गोल केली. जिना काढून नेलेल्या घरासारखं. झाकण दोन मिलिमीटर जाड करा असं कारखान्याचं म्हणणं होतं. पूर्वी एक आकडा बदलला की झालं असतं. आता झाकण आणि त्याला जोडलेले एकवीस भाग, सगळे पायापासून काढायचे.

तिनं काढले. वीस दिवस. कड गोल करायला गेलं की प्रोग्रॅम मध्येच बंद पडायचा.

“मेला परत बसला गं.”

“मग तूही बस घटकाभर. चहा ठेवते.”

विसाव्या दिवशी बावीस ड्रॉइंग छापून झाली. रेखाटकाच्या रकान्यात तिनं आपलं नाव घातलं, मग खुर्ची मागे सरकवून ते लांबून वाचलं.

*

कारखान्यातले साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं, नवऱ्याबद्दल दोन चांगले शब्द बोलले. बावीसच्या बावीस कागद नीट पाहिले.

“बरोबर आहेत. मापं खालच्या कडेपासून, ही त्यांचीच पद्धत. छान उचललीत हं तुम्ही.”

“ती माझी पद्धत आहे, साहेब. आधीची सगळी ड्रॉइंग मीच काढलीत.”

साहेब मायेनं हसले. दुःखात माणूस काहीही बोलतं, असं ते हसणं होतं.

“ताई, उद्या भाग चुकला तर जबाबदार कोण? वर लोक विचारतील, या बाई कोण. शिवाय फुकटच्या सॉफ्टवेअरवरचं काम. घरात कुणी पुरुष माणूस नाही का, सही करणारं?”

“चूक दाखवा. मी आत्ता दुरुस्त करते.”

“चूक नाहीये हो. तेच तर सांगतोय.”

कागद घेऊन ती परत आली.

चार दिवसांनी संध्याकाळी दीर पेढे नव्हे, पण तसाच चेहरा घेऊन आला. तीच फाइल घरच्या संगणकावरून घेऊन त्यानं रकान्यातलं नाव बदललं होतं, आपल्या दुकानात बावीस कागद छापले होते. साहेबांनी एका बैठकीत मंजूर केले. फुकटच्या सॉफ्टवेअरबद्दल अक्षर निघालं नाही. वर आणखी तीस भागांचं काम मिळालं.

“बघा वहिनी, अडलं का काही? मापाचा एक आकडा बदलला नाही मी. वर्गणीसुद्धा वाचली!” तो मनापासून खूश होता. सासूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मुलगी दारात उभी होती. “नको बसूस ना, आई. सांग त्यांना, नाही काढत म्हणून.”

“तुझी अजून दोन वर्षं आहेत कॉलेजची.”

“मी सोडते.”

“सोड. मग कुठल्या रकान्यात तुझं नाव येईल ते सांग मला.” आवाज चढला होता. मग उतरला. “जा. अभ्यास कर.”

तिनं कपड्यांच्या घड्या उचलून पलंगावर ठेवल्या, संगणक चालू केला आणि तिसातला पहिला भाग काढायला घेतला. दीर थोडा वेळ मागे उभा राहून बघत होता. मग म्हणाला, “काय भराभर चालतो हो हात तुमचा!”

ही गोष्ट वाचणाऱ्यांपैकी ज्याच्या घरी असं टेबल नाही, त्यानं पुढे जावं. बाकीच्यांनी आपल्या घरातले कागद काढून एकदा खालचा उजवा कोपरा बघावा, आणि काम करणारीला तो वाचून दाखवावा. एवढं धैर्य आपल्यात आहे का, याची मला खात्री नाही.

संगणकावर काढलेल्या पहिल्या ड्रॉइंगवर नवऱ्यानं तिचं नाव घातलं होतं. सासूबाई काय म्हणतील म्हणून ते तिनंच पुसलं.