एका खड्ड्यातले दोन

साखळीचं एक टोक गालाच्या हाडाशी टेकवून आउनेने दुसऱ्या टोकाची खाचेची पट्टी डोळ्यांसमोर धरली आणि जागच्या जागी फिरू लागली. खाचेपेक्षा जाड दिसेल तो पाईन मोजायचा, खाचेत बुडेल तो सोडायचा. रान किती दाट झालंय ते कळायची ही रीत बाबांनी शिकवलेली. फेरी पूर्ण झाली तशी ती थांबली.

“एकतीस.”

“वीसवर आणू,” ओस्मो म्हणाला. विरळणीचं, दाटीतली झाडं कापायचं यंत्र त्याचं होतं, चालवायचाही तोच. “वर बघ मावशी, हिरवे नुसते शेंडे उरलेत. यंदाच्या बर्फात काड्यांसारखे मोडतील.”

“माझ्या रानाचं मलाच सांग.”

“अर्ध्या रानाचं,” ओस्मो हसला. “बाकी अर्धं तुझ्या बहिणीचं, इर्यामावशीचं. तोडीला तिची सही?”

“कागद पोस्टाने पाठवलाय.”

“पोस्टाने? अगं, फोनवर दोन मिनिटांचं काम.”

आउनेने पट्टी कोटाच्या बाहीवर पुसली, मग उलटी करून पुन्हा पुसली. कागद पाठवला की उलट लिफाफा येणार, आणि लिफाफ्यात कागदासोबत दोन ओळीही मावतात. पण हे काय ओस्मोला सांगायचं?

तेवढ्यात तो एका जोडीपाशी थबकला. बुंध्याला बुंधा चिकटलेले दोन पाईन.

“हा कोणाचा पराक्रम? एका खड्ड्यात दोन रोपं?”

“इर्याचा,” आउने म्हणाली. अठ्ठेचाळीस वर्षं हेच उत्तर देऊन देऊन ओठ आपोआप हलले. “बादलीतली रोपं संपली की तळ्यावर पोहायला सुट्टी मिळायची. बाबांना हा खड्डा दिसला. जूनच्या सणाच्या शेकोटीला सगळं गाव तळ्याकाठी, आणि इर्या घरात कोंडलेली.”

“आळशाला बरी अद्दल घडली,” ओस्मो म्हणाला. त्याने पायाने मुळांजवळचं शेवाळ सरकवलं. “पण यातला एकच काढता येणार नाही. मुळं एकमेकांत गेलीत, उरलेला पहिल्याच वादळात आडवा होईल. दोन्ही ठेव नाहीतर दोन्ही काढ. सोमवारपर्यंत ठरव. मंगळवारी मी उत्तरेला निघतो, मग वर्षभर नाही.”

लिफाफा शनिवारी आला. आत कागद, कागदावर सही. आउनेने कागद उलटून पाहिला. रिकामा लिफाफा खिडकीच्या उजेडात धरून आत डोकावली. मग गोठलेल्या अंगणाकडे बघत बराच वेळ उभी राहिली, आणि शेवटी टाम्पेरे शहरातला इर्याचा नंबर लावला. बाबांच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच.

“कोण मेलं?” इर्याने विचारलं.

“कोणी नाही. सही मिळाली, एवढंच.”

“मिळणारच. पोस्टाने पाठवलीय, बाटलीत घालून समुद्रात नाही सोडली.”

आउने हसली. पलीकडून हसू आलं नाही.

“ती जोडी अजून आहे,” आउने म्हणाली. “ओस्मोने विचारलं, कोणी लावली.”

“मग?”

“तुझं नाव सांगितलं.”

कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

“तेच सांगायचं असतं ना,” इर्या म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. “ठेवते. कुत्रं दाराशी ओरडतंय.”

सोमवारी यंत्र रानात शिरलं. आउने जोडीपाशी गेली आणि दोन्ही बुंध्यांभोवती मिळून एकच निळी रिबीन बांधली. ओस्मोने केबिनमधून अंगठा दाखवला. इर्याची जोडी राहणार, समजलं.

“इर्याची नाही,” आउने ओरडली. “माझी. मी लावली होती.”

त्याने कानावरच्या झाकणाकडे बोट दाखवत मान हलवली. ऐकू येत नाही. तिने हातानेच ‘काही नाही’ म्हटलं आणि बाजूला झाली.

एकामागून एक पाईन आडवे होत गेले. दुपारी यंत्र पार दुसऱ्या टोकाला पोचलं, तेव्हा जोडीच्या चारी बाजूंना उजेड होता. आउनेने पट्टी धरून फेरी घेतली. जोडी तिने दरवेळी एकच मोजलेली. आज दोन मोजली. वीस.

हातमोजा दातांनी ओढून तिने फोन काढला.

“आता कोण मेलं?” इर्या म्हणाली.

“कोणी नाही.” श्वासाची वाफ फोनवर बसली. “ती बादली माझी होती, इर्या. बाबांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस आणि ‘मी’ म्हणालीस. आणि मी तुला म्हणू दिलं.”

पलीकडून फोन ठेवला गेला नाही. लांबून यंत्राची घरघर येत होती, ती इर्यालाही ऐकू जात असणार.

“कशी होती गं,” इर्याने विचारलं, “त्या वर्षीची शेकोटी?”

आउने हळूच एका ताज्या खुंटावर टेकली.