चार खाचांचे चिमटे

भोंग्याला त्या दिवशी गच्चीवर कुणी बोलावलं नव्हतं. पण प्लंबरने जुनी टाकी हलवली आणि तिच्या ओट्याच्या पोकळीतून गंजका डबा निघाला, हे जिन्यातून ऐकल्यावर घरात बसून गणितं सोडवणं तिला कसं जमणार? आवाजामुळे अख्खी इमारत तिला भोंगा म्हणायची. आधी तिला रडू यायचं. नववीत गेल्यावर तिने स्वतःच वहीवर मोठ्या अक्षरांत ‘भोंगा’ लिहून टाकलं आणि चिडवणाऱ्यांची हवाच काढून घेतली.

डब्यात होते कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. साठेक तरी. कचरा आहे, फेकून दे, असं प्लंबर म्हणाला. तिने डबा काखोटीला मारला.

खरं तर तिचं डोकं येत्या रविवारच्या बैठकीने खाल्लं होतं. जिन्याखाली शिलाई मशीन घेऊन बसणाऱ्या मावशींना सेक्रेटरीकाकांनी जागा सोडायला सांगितलं होतं. तिथे स्कूटर लावायच्या होत्या. मावशी म्हणायच्या, ही जागा इमारतीने माझ्या आईला दिली. काका म्हणायचे, कागद दाखवा. कागद नव्हता, आणि तेव्हाचं एकही बिऱ्हाड आता उरलं नव्हतं. सगळ्यांत जुने म्हणजे काकाच, तेही बारा वर्षांपूर्वी आलेले. मावशी तर अशा, की दरवर्षी भोंग्याच्या स्कर्टची दुमड उसवून द्यायच्या आणि वर विचारायच्या, तू जेवतेस काय, खत?

घरी येऊन तिने चिमटे जमिनीवर ओतले, तर प्रत्येकावर चाकूने पाडलेल्या खाचा. कुठे एक, कुठे तीन. काही डाव्या कडेला, काही उजव्या. आणि मग तिची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली. वाऱ्याने खडखडू नये म्हणून आईने झडपेत एक जुना चिमटा ठोकला होता. घर घेतलं तेव्हा तो तिथेच पडलेला होता म्हणे. त्यावर उजवीकडे तीन खाचा. त्यांचं दार दुसऱ्या मजल्यावर, उजवीकडचं. तळमजल्यापासून मोजलं तर तिसरं.

ती दोन-दोन पायऱ्या गाळत तळमजल्यावर सेक्रेटरीकाकांच्या डावीकडच्या दारात पोचली. काकूंच्या चहाच्या पुड्याला चिमटा होता, हे तिला पक्कं आठवत होतं. होताच. डावीकडे एक खाच.

सहा दारांचे चिमटे वेगळे झाले. उरले दहा. त्यांवर चार-चार खाचा, बरोबर मधोमध. इमारतीला मजले तळमजला धरून तीनच, आता चौथा आणायचा कुठून? मोजणाऱ्याचं गणित माझ्यासारखंच कच्चं असणार, असं म्हणून तिने तो नाद सोडला आणि स्कर्ट घेऊन मावशींकडे गेली.

मावशींनी मापाची लाकडी पट्टी काढली. पट्टीच्या टोकाला, मधोमध, चार खाचा होत्या.

भोंग्याने खिशातून चार खाचांचा एक चिमटा काढून पट्टीशेजारी ठेवला. मावशींनी तो उचलून दोनदा उघडून मिटला.

“आईचा,” त्या म्हणाल्या. “टाकी बांधताना सगळे हरवले म्हणून किती हळहळली होती.”

मग सगळं बाहेर आलं. गच्चीवर तेव्हा एक खोली होती. आई तिथे राहायची आणि सहाही घरांचे कपडे धुवायची. तिला वाचता येत नव्हतं. याचा सदरा त्याच्या घरी जाऊ नये म्हणून तिने दारागणिक खाचा पाडल्या होत्या. टाकीसाठी खोली पाडली, तेव्हा सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून सांगितलं, जिन्याखाली बस, शिवण कर.

रविवारी सकाळी बैठकीआधीच भोंग्याने पायऱ्यांवर चिमटे मांडले आणि आपापले ओळखा म्हणून हाका मारल्या. मोठी माणसं लहान पोरांसारखी वाकून खाचा मोजू लागली. मधल्या मजल्यावरच्या ड्रायव्हरदादाने तर दोन्ही कानांना चिमटे लावून दाखवले. शेवटी चारवाले उरले. मग तिने मावशींची पट्टी वर धरली आणि सगळी गोष्ट सांगितली. भोंगा असल्यामुळे मागच्यांनाही ऐकू गेली.

काकांनी घसा खाकरला. खाचा म्हणजे काही कागद नव्हे, असं ते म्हणाले.

“बारा वर्षं आपला चहा मावशींच्या आईच्या चिमट्याने बंद करतोय,” काकू म्हणाल्या. “तेव्हा मागितलात का कागद?”

कुणीतरी खुदकन हसलं. काका हसले नाहीत. ते आपल्या हातातला एक खाचेचा चिमटा फिरवत राहिले. मग ड्रायव्हरदादाने हात वर केला, त्याच्यामागे भोंग्याच्या आईने, आणि बघता बघता सहापैकी पाच दारं झाली. काका म्हणाले, ठीक आहे, पण कापडाच्या चिंध्या जिन्यात येता कामा नयेत, आणि स्कूटर काय मी डोक्यावर ठेवू? स्कूटर कुंपणाजवळ ठेवायच्या, असं ठरलं. मावशींनी चिंध्यांबद्दल मान डोलावली, आणि ती मान पुन्हा वर यायला जरा वेळच लागला.

संध्याकाळी भोंग्याने गच्चीवर दोरी बांधली. मावशी गुडघे धरत वर आल्या, नव्या टाकीशेजारी, जिथे आईच्या खोलीचं दार होतं तिथे उभ्या राहिल्या. मग उंची वाढवलेला, धुतलेला स्कर्ट त्यांनी दोरीवर टाकला आणि डब्यातून चार खाचांचे दोन चिमटे उचलले.

“मावशी, स्कर्ट आमच्या घरचा आहे,” भोंगा म्हणाली. “आमचे तीनवाले.”

“माहीत आहे गं,” मावशी म्हणाल्या आणि चारवालेच लावले.